विश्लेषण : पाण्यावरून धावायला वेग किती हवा? मेकॅनिक्सचे अवघड प्रश्न घडवणारे प्योत्र कापित्सा कोण होते?

अकरावीत मेकॅनिक्स सुरू झाले की काही विद्यार्थ्यांची वेगळीच अडचण सुरू होते. पाठ्यपुस्तकातली गणिते सुटतात, क्लासच्या मॉड्यूलमधलीही सुटतात; पण प्रश्न जरा वेगळ्या अंगाने आला की हात थांबतो. मग अवघड प्रश्नांचा शोध सुरू होतो आणि कोणी तरी इरोडोव्हचे पुस्तक हातात देते. त्याच रशियन परंपरेतील आणखी एक नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. प्योत्र कापित्सा. नोबेल मिळवणारे, स्टालिनच्या काळात पद आणि प्रयोगशाळा दोन्ही गमावलेले आणि परीक्षेत विद्यार्थ्यांना खुशाल पुस्तके उघडून बसू देणारे शास्त्रज्ञ. अवघड प्रश्न म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यात बरेचसे सापडते.

कापित्सांच्या प्रश्नांत वेगळे काय?

नेहमीच्या प्रश्नात वस्तुमान दिलेले असते, उताराचा कोन दिलेला असतो, घर्षणांक दिलेला असतो. त्वरण काढायचे असते. दिलेली प्रत्येक संख्या कुठे तरी वापरायचीच असते. एखादी उरली, तर आपले काही तरी चुकले हे विद्यार्थ्याला न सांगता कळते.

कापित्सांच्या प्रश्नांत बहुतेक वेळा संख्याच नसतात. माणसाला न बुडता पाण्यावरून धावायचे असेल, तर त्याने किती वेगाने धावले पाहिजे, हा त्यांच्या संग्रहातील एक प्रश्न. प्रश्न एवढाच. माणसाचे वजन, पावलाचा आकार, पाण्याची घनता यातले काहीही दिलेले नाही. काय लागेल आणि काय सोडून द्यायचे, हे विद्यार्थ्याने ठरवायचे.

करून बघायला हरकत नाही. माणूस ६० किलोचा धरा. म्हणजे वजन साधारण ६०० न्यूटन. पाऊल २५ सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद, क्षेत्रफळ ०.०२५ चौरस मीटर. पाऊल पाण्यावर जितक्या वेगाने आपटेल तितके पाणी ते खाली ढकलेल. दर सेकंदाला ढकलले जाणारे पाणी म्हणजे घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेग. त्याला पुन्हा वेगाने गुणले की दर सेकंदाला दिलेला संवेग मिळतो, म्हणजेच बल. हे बल ६०० न्यूटन हवे, तर वेगाचा वर्ग २४ येतो. वेग सेकंदाला जवळपास ५ मीटर. एवढे तर जमण्यासारखे वाटते!

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. पाऊल सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली जात असेल, तर एक दशांश सेकंदात ते अर्धा मीटर खोल जाईल. गुडघा पाण्याखाली. ते बाहेर काढायला वेळ लागणार आणि तेवढ्या वेळात आधार कोण देणार? म्हणजे पाऊल पाण्यावर थोडाच वेळ असले पाहिजे आणि त्या थोड्या वेळातला धक्का कितीतरी मोठा असला पाहिजे. पाऊल एकूण वेळेच्या पाचवा भागच खाली ढकलत असेल, तर बल पाचपट हवे आणि वेग सेकंदाला ११ मीटर. पुढे पाय वर ओढताना होणारा पाण्याचा विरोध मोजा, पावलाखाली तयार होणारा खळगा पाण्याने भरायला किती वेळ लागतो ते मोजा. उत्तर आणखी वर सरकते. मध्य अमेरिकेतला बॅसिलिस्क सरडा खरोखर पाण्यावरून पळतो. त्याच्या पावलांचा अभ्यास करून १९९६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी माणसासाठीचा अंदाज काढला. तो होता सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. उसेन बोल्टचा सर्वाधिक वेग सेकंदाला १२ मीटरच्या थोडाच वर होता.

एकाच प्रश्नाला ५, ११ आणि ३० अशी तीन उत्तरे. तिन्ही आपापल्या गृहीतकापुरती बरोबर. विद्यार्थी कुठवर खोल गेला, हे उत्तरावरून दिसते. कापित्सांना नेमके हेच पाहायचे असे.

ही सवय आली कुठून?

कापित्सांचा जन्म १८९४ चा, सेंट पीटर्सबर्गजवळच्या क्रोनश्टाट या नौदलाच्या बेटावर. वडील लष्करी अभियंते. तटबंदी बांधणे हे त्यांचे काम. आई शिक्षण आणि लोकसाहित्य या क्षेत्रांतली. शाळेत लॅटिन जमेना म्हणून मुलाला तिथून काढून विज्ञान-गणितावर भर देणाऱ्या दुसऱ्या शाळेत घालावे लागले. तिथून तो चांगल्या गुणांनी बाहेर पडला आणि पेट्रोग्राडच्या पॉलिटेक्निकमध्ये विद्युत अभियांत्रिकीला गेला. पहिल्या महायुद्धात काही महिने रुग्णवाहिकाही चालवली. १९१८ मध्ये पदवी घेतली. पॉलिटेक्निकमध्ये त्यांना अब्राम इयोफे हे शिक्षक लाभले. सोव्हिएत भौतिकशास्त्राची एक पूर्ण पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली.

क्रांतीनंतरचे ते दिवस उपासमारीचे आणि साथींचे होते. १९१९-२० च्या हिवाळ्यात महिनाभराच्या आत कापित्सांचे वडील, पत्नी, दोन वर्षांचा मुलगा आणि नुकतीच जन्मलेली मुलगी असे चौघे गेले. वय पंचवीस. इयोफे यांनी त्यांना या सगळ्यातून बाहेर काढायचे ठरवले आणि १९२१ मध्ये उपकरणे खरेदीसाठी परदेशी निघालेल्या शिष्टमंडळात त्यांचे नाव घातले.

निघण्यापूर्वीचा एक किस्सा रशियात आवडीने सांगतात. कापित्सा आणि त्यांचे मित्र निकोलाय सेम्योनोव्ह हे दोघे चित्रकार बोरिस कुस्तोदिएव्ह यांच्याकडे गेले आणि नामवंतांची चित्रे काढता तर आमचेही काढा, आम्ही पुढे नामवंत होणारच आहोत, असा हट्ट धरून बसले. मोबदला एक कोंबडा आणि पोतेभर धान्य. चित्र आजही आहे आणि त्यातल्या दोघांनाही पुढे नोबेल मिळाले. सेम्योनोव्ह यांना १९५६ मध्ये.

केंब्रिजमध्ये त्यांनी काय केले?

इंग्लंडमध्ये कापित्सा केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अर्नेस्ट रुदरफोर्ड यांच्याकडे पोहोचले. प्रयोगशाळा भरलेली होती. रुदरफोर्ड यांनी नकार दिला, तेव्हा कापित्सांनी तुमच्या प्रयोगांत चूक साधारण किती टक्के असते असे विचारले आणि एक माणूस वाढला तर तो त्या चुकीच्या मर्यादेतच बसेल हे दाखवून दिले, असे सांगितले जाते. किस्सा पुढे रंगवला गेला असेलही, पण प्रवेश मिळाला हे खरे. रुदरफोर्ड यांना त्यांनी मगर हे टोपणनाव ठेवले आणि १९३३ मध्ये स्वतःच्या नव्या मॉन्ड प्रयोगशाळेच्या भिंतीवर शिल्पकार एरिक गिल यांच्याकडून एक मगर कोरून घेतली. ती अजून तिथे आहे.

केंब्रिजमधले त्यांचे काम म्हणजे प्रचंड ताकदीची चुंबकीय क्षेत्रे तयार करणे. एवढा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून सोडला तर वेटोळे वितळणार. कापित्सांनी विचार उलटा केला. वितळायला वेळ लागतो ना, मग त्याआधी प्रयोग संपवू. प्रवाह फक्त एक शतांश सेकंद सोडायचा. त्यासाठी जनित्र शॉर्ट सर्किट करायचे. यात दुसरी अडचण होती. जनित्राला बसणारा झटका इतका जबर, की जमीन हादरून मोजमाप बिघडणार. त्यांनी वेटोळे जनित्रापासून २० मीटर दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले. जमिनीतून जाणारा हादरा सेकंदाला दोनेक हजार मीटर वेगाने येतो असे धरले, तर २० मीटर कापायला त्याला एक शतांश सेकंद लागतो. हादरा पोहोचेपर्यंत प्रयोग आटोपलेला. अंतर, वेग, वेळ. बारावीचाही नाही, आठवी-नववीचा प्रश्न!

१९३४ मधले त्यांचे हेलियम द्रवरूप करण्याचे यंत्र याच वळणाचे. वायू प्रसरण पावताना दट्ट्याला ढकलतो, काम करतो आणि थंड होतो. पण इतक्या कमी तापमानाला कोणतेही वंगण गोठून दगड होते. कापित्सांनी वंगणच काढून टाकले. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात केसाएवढी फट ठेवली आणि त्यातून निसटणाऱ्या हेलियमलाच वंगणाचे काम दिले. थोडी गळती होते, पण दट्ट्या इतका झटकन सरकतो की ती परवडते.

याच काळात मुंबईचे होमी भाभाही केंब्रिजला होते. मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी ते १९२७ मध्ये तिथे गेले होते आणि नंतर भौतिकशास्त्राकडे वळले.

मग ते रशियात कसे अडकले?

कापित्सा अधूनमधून मायदेशी जाऊन परत येत. १९३४ च्या शरद ऋतूत, रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेल्या परिषदेसाठी ते पत्नी ॲना यांच्यासह गेले. या वेळी परतायची परवानगी मिळाली नाही. ॲना यांना जाऊ दिले गेले, कारण दोन्ही लहान मुले केंब्रिजमध्येच होती. नंतर त्या मुलांना घेऊन मॉस्कोला आल्या.

कापित्सांसाठी मॉस्कोत नवी संस्था काढण्यात आली. तिचे नाव भौतिक समस्यांची संस्था. पण हातात यंत्र नाही. अखेर रुदरफोर्ड यांच्याच मध्यस्थीने मॉन्ड प्रयोगशाळेतली उपकरणे ३० हजार पौंडांना सोव्हिएत सरकारला विकली गेली. ती पोहोचल्यावर १९३७ च्या अखेरीस कापित्सांनी आयुष्यातला सर्वांत मोठा शोध लावला. घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवल्या. मधली फट अर्ध्या मायक्रॉनची. सुमारे २.२ केल्विनच्या खाली द्रवरूप हेलियम त्या फटीतून असा निघून गेला, जणू चिकटपणा हा गुण त्याला माहीतच नाही. त्याआधीच्या तापमानाच्या तुलनेत चिकटपणा किमान १५०० पटींनी कमी झाल्याचे त्यांनी मोजले. जॉन ॲलन आणि डॉन माइसनर यांनी केंब्रिजमध्ये स्वतंत्रपणे हेच पाहिले होते. दोन्ही निबंध जानेवारी १९३८ मध्ये नेचरच्या एकाच अंकात आले. या गुणधर्माला अतिप्रवाहिता हे नाव कापित्सांनी दिले.

हे का घडते, हे सांगू शकेल असा सिद्धांतकार कापित्सांच्या संस्थेतच होता. लेव लांदाऊ. पण एप्रिल १९३८ मध्ये लांदाऊंना अटक झाली. तो काळ असा, की अटक झालेल्याची ओळख सांगणेही लोक टाळत. कापित्सांनी स्टालिनला पत्र लिहिले, नंतर मोलोतोव्ह यांना लिहिले आणि वर्षभराने स्वतःच्या हमीवर लांदाऊंना सोडवून आणले. लांदाऊंनी अतिप्रवाहितेचा सिद्धांत मांडला आणि त्याच कामाबद्दल त्यांना १९६२ मध्ये नोबेल मिळाले.

पद का गेले?

महायुद्धात कापित्सांच्या हाती ऑक्सिजन निर्मितीचे मोठे खाते होते. त्यांनी शोधलेल्या टर्बाइनमुळे कमी दाबाखाली हवेतून ऑक्सिजन वेगळा करता येऊ लागला आणि पोलाद उद्योगाला त्याची गरज होती. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांना अणुबॉम्बच्या विशेष समितीत घेण्यात आले. समितीचे प्रमुख होते गुप्त पोलिसांचे सर्वेसर्वा लाव्रेंती बेरिया. शास्त्रज्ञांना वागवण्याची बेरियांची पद्धत कापित्सांना पटेना. त्यांनी त्याबद्दल थेट स्टालिनकडे तक्रार केली, एकदा नव्हे तर दोनदा, आणि समितीतून मुक्त करण्याची विनंती केली. डिसेंबरमध्ये ती मान्य झाली.

ऑगस्ट १९४६ मध्ये उरलेले सारेही गेले. संस्थेचे संचालकपद, ऑक्सिजनचे खाते, प्रयोगशाळा. बेरियांना अटकच हवी होती, पण स्टालिनने ती होऊ दिली नाही, असे मानले जाते. कापित्सा मॉस्कोच्या पश्चिमेला निकोलिना गोरा येथील आपल्या उन्हाळी घरी जाऊन राहिले. वय ५२. कमी तापमानाच्या भौतिकशास्त्रात काम करायचे तर द्रवरूप हेलियम हवा आणि तो बनवणारे यंत्र आता दुसऱ्याच्या ताब्यात होते.

मग विद्यार्थ्यांचे प्रश्न कधी तयार झाले?

याच पडत्या काळात. त्याची पार्श्वभूमी थोडी आधीची. फेब्रुवारी १९४६ मध्ये कापित्सांनी स्टालिनला आणखी एक पत्र लिहिले होते. संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ घडवण्यासाठी वेगळे उच्च विद्यालय हवे आणि तिथे शिकवणारे स्वतः संशोधक असावेत, हा त्याचा आशय. सेम्योनोव्ह आणि इतरही यामागे होते. त्यातून मॉस्को विद्यापीठात भौतिक-तंत्र विद्याशाखा सुरू झाली. १९४७ मध्ये वर्ग भरले. पुढे १९५१ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली, तीच आज फिझटेख म्हणून जगभर ओळखली जाते. संस्थेतून काढलेल्या कापित्सांना इथे मात्र शिकवता येत होते. सामान्य भौतिकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम त्यांनी आणि लांदाऊंनी घेतला.

या मुलांसाठी कापित्सांनी स्वतः प्रश्न रचले. बाजारातल्या संग्रहांत हवे तसे प्रश्न नव्हते. तिथला प्रश्न सूत्र आठवते का ते तपासत होता. कापित्सांना भावी संशोधक निवडायचे होते आणि संशोधकाला कोणी माहिती तयार करून देत नाही.

त्यांची परीक्षा त्यामुळे निराळी असे. पुस्तके, संदर्भकोश, तक्ते यांपैकी काहीही वापरायला परवानगी. लोखंडाची घनता किंवा हवेचा चिकटपणा पाठ असण्यात काही थोरवी नाही, तो कुठे शोधायचा हे कळले की पुरे. हवे ते प्रश्न निवडायची मुभा. आणि कोणता प्रश्न निवडला यावरूनही विद्यार्थ्याचा कल कळे. कोणी गणिताकडे झुकणारा, कोणी प्रयोगाकडे, कोणी यंत्राकडे. उत्तरही एकच नसे. साधा अंदाज करून थांबणाऱ्याला उत्तीर्ण होता येई आणि त्याच प्रश्नात महिनाभर बुडून राहणाऱ्यालाही तळ लागत नसे.

लांदाऊंची पद्धत याच्या अगदी उलट होती. त्यांच्या प्रसिद्ध परीक्षामालिकेत एकामागून एक विषय सोडवत जायचे, गणिती तयारी पक्की हवी आणि तीन दशकांत अवघे ४३ जण ती पार करू शकले. दोन्ही पद्धती एकाच आवारातल्या. आपल्या स्पर्धा परीक्षा लांदाऊंच्या बाजूला झुकतात, तेही त्यातली खोली वगळून. तीन तासांत तिन्ही विषयांचा पेपर सोडवायचा असेल, तर पाण्यावरून धावणारा माणूस कामाला येत नाही, हे मान्यच करायला हवे. मात्र पाठ्यपुस्तकातले सगळे सुटूनही नवा प्रश्न पाहिल्यावर हात थांबतो, त्या विद्यार्थ्याला आणखी पन्नास तशाच गणितांनी फरक पडत नाही. काय गृहीत धरायचे हे ठरवण्याची सवय नसणे, हीच त्याची अडचण असते.

डिसेंबर १९४९ मध्ये स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसाचे सोहळे झाले. कापित्सा तिकडे फिरकले नाहीत. लगेच त्यांची शिकवण्याची नोकरीही गेली.

घरातल्या प्रयोगशाळेत काय चालायचे?

निकोलिना गोराच्या घरी कापित्सांनी एका बाजूच्या बांधकामात प्रयोगशाळा थाटली. लेथ, सुतारकामाची अवजारे, मित्रांनी आणि विज्ञान अकादमीने मिळवून दिलेली थोडी उपकरणे. मदतनीस म्हणजे दोन मुलगे, सेर्गेई आणि आंद्रेई. मॉस्कोतल्या संस्थेच्या नावावर कोटी करत या जागेला भौतिक समस्यांची झोपडी म्हटले जाऊ लागले.

हेलियम नाही, मोठे चुंबक नाही. उरले काय? मेकॅनिक्स. विद्यार्थ्यांना जसे प्रश्न दिले, तसेच त्यांनी स्वतःसाठी घेतले. पहिला, तिरक्या किंवा उभ्या पृष्ठभागावरून पाण्याचा पातळ थर ओघळताना त्यावर लाटा का उठतात? पावसात बसच्या काचेवर हे कोणीही पाहिलेले असते. सेर्गेई यांच्याबरोबर त्यांनी त्याचे प्रयोग आणि गणित दोन्ही केले. रासायनिक उद्योगातल्या कंडेन्सरमध्ये असेच थर ओघळतात, त्यामुळे १९४८-४९ मधल्या या निबंधांचा हवाला केमिकल इंजिनीअर आजही देतात.

दुसरा प्रश्न १९५१ मधला आणि तो आता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कापित्सा दोलक. काठी खालच्या टोकाला खिळ्याने अडकवून उलटी उभी केली, तर ती पडणार. वर-खाली, फक्त वर-खाली, तो खिळा जोरात हलवत राहिला तर? काठी उभी राहते. बाजूला ढकलली तरी पुन्हा सरळ होते. असे होऊ शकते हे अँड्र्यू स्टीफन्सन यांनी १९०८ मध्येच दाखवले होते. कापित्सांनी त्याचे असे स्पष्टीकरण दिले, की प्रत्येक हिसक्याचा मागोवा न घेता त्यांची सरासरी काढता येते आणि ती सरासरी काठीला उभे ठेवणाऱ्या अदृश्य स्प्रिंगसारखी वागते.

त्यासाठीची अट फार सुटसुटीत आहे. दांडीच्या टोकाला वजन असलेला साधा दोलक घ्या. त्याच्या लांबीइतक्या उंचीवरून दगड टाकला, तर खाली येईपर्यंत त्याला जो वेग मिळेल, त्याहून खिळ्याचा कमाल वेग जास्त हवा. दोलक २० सेंटीमीटरचा असेल तर हा वेग येतो सेकंदाला सुमारे २ मीटर. खिळा वर-खाली एकेक सेंटीमीटर हलत असेल, तर त्याला सेकंदाला साधारण ३२ फेऱ्या माराव्या लागतील. सुताराकडच्या विजेवर चालणाऱ्या जिगसॉवर हा प्रयोग करता येतो, मात्र पाते काढून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच. थरथरणाऱ्या क्षेत्राने एखादी गोष्ट जागेवर धरून ठेवायची, ही युक्ती पुढे आयन अडकवून ठेवणाऱ्या सापळ्यांत आली. त्या सापळ्यासाठी वोल्फगांग पाऊल यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले.

पुढे काय झाले?

मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेले. जूनमध्ये बेरियांना अटक झाली. १९५५ च्या सुरुवातीला कापित्सा आपल्या संस्थेत संचालक म्हणून परतले आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिले. सत्ताधाऱ्यांना पत्रे लिहिण्याची सवय मात्र गेली नाही. सत्तरच्या दशकात आंद्रेई सखारोव्ह यांच्याविरोधातल्या शास्त्रज्ञांच्या पत्रकावर त्यांनी सही केली नाही. १९८१ मध्ये सखारोव्ह उपोषणाला बसले, तेव्हा त्यांना वाचवा म्हणून ब्रेझनेव्ह यांना लिहिले.

फिझटेखच्या मुलांसाठी केलेले प्रश्न १९६६ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. मागे उत्तरे नाहीत. त्याच वर्षी, तब्बल ३२ वर्षांनी, कापित्सांना केंब्रिजला जायची परवानगी मिळाली.

या परंपरेशी आपला संबंध काय?

१९७० मध्ये मॉस्कोतून क्वांट हे शाळकरी मुलांसाठीचे गणित-भौतिकशास्त्राचे मासिक सुरू झाले. संपादक इसाक किकोईन, त्यांच्या जोडीला गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह. दर अंकात प्रश्न आणि काही महिन्यांनी त्यांची उत्तरे. देशातल्या पहिल्या फळीचे शास्त्रज्ञ दहावी-अकरावीच्या मुलांसाठी कप्पी आणि घसरगुंडीवरचे प्रश्न तयार करत होते. १९९० ते २००१ या काळात क्वांटमधले निवडक साहित्य क्वांटम या अमेरिकी मासिकातून इंग्रजीतही आले.

आपल्याकडे ही परंपरा मीर प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांतून पोहोचली. मुंबईत लोकवाङ्मय गृहाच्या पीपल्स बुक हाऊसमध्ये ती मिळत. इरोडोव्ह त्याच वाटेने आले. दुसरी वाट ऑलिम्पियाडची. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड १९६७ मध्ये वॉर्सात सुरू झाले, भारत १९९८ पासून त्यात उतरतो आणि २०१५ मध्ये ते मुंबईत झाले. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र भारतीय संघाची तयारी करून घेते. राष्ट्रीय फेरीच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह केंद्राने मोफत खुल्या केल्या आहेत. क्लासच्या जाड मॉड्यूलवर पैसे घालण्याआधी अकरावीच्या विद्यार्थ्याने त्यातली मेकॅनिक्सची दोन-तीन वर्षे तरी पाहावीत. एका प्रश्नावर आख्खी संध्याकाळ गेली तर ते बिघडल्याचे लक्षण नाही. उत्तर पाहण्याआधी आपण काय गृहीत धरले ते वहीत लिहून ठेवले, तर नंतर कुठे अडलो ते सापडते. कापित्सांचा प्रश्न निवडला असेल, तर मागचे पान उलटून पाहायची सोयच नाही. तिथे शिक्षकाशी किंवा मित्राशी वाद घालावा लागतो.

नोबेल इतके उशिरा का?

कापित्सांना नोबेल १९७८ मध्ये मिळाले, वयाच्या ८४ व्या वर्षी. अतिप्रवाहितेच्या शोधाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. बक्षिसाचा अर्धा भाग त्यांना कमी तापमानाच्या कामासाठी देण्यात आला. उरलेला विश्वाच्या पार्श्वप्रारणाचा शोध लावणाऱ्या आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना. विजेत्याने ज्या कामासाठी पारितोषिक मिळाले त्यावर व्याख्यान द्यायचे, अशी प्रथा आहे. त्या विषयातून मी तीस वर्षांपूर्वीच बाहेर पडलो आहे, असे कारण देऊन कापित्सा स्टॉकहोममध्ये अणुसंमीलन आणि प्लाझ्मा या विषयांवर बोलले. तेव्हा त्यांचे काम त्यावर चालू होते आणि प्रश्न सुटलेला नव्हता.

८ एप्रिल १९८४ रोजी, नव्वदी गाठायला तीन महिने असताना, मॉस्कोत त्यांचे निधन झाले. तोवर ते संस्थेचे संचालक होते.